लवणीतला डाग

१२ जुलै

टोचलं! आणि मला कळलंसुद्धा नाही!

मी पालथी पडून वाट बघतेय, शेवटी म्हटलं, "अगं श्याओमान, सुरू कर की." तर म्हणते, "आजी, कधीच झालं. हलू नकोस." मान वळवून बघते तर गुडघ्यामागं, लवणीत, सुई उभी! पंख्याच्या वाऱ्यानं डुलत होती. शहात्तर वर्षं हा पाय माझ्याजवळ आहे, पण त्याची मागची बाजू मी आज पहिल्यांदा नीट पाहिली. काय ती निळी शीर! पावसाळ्यातला ओढाच.

या जागेचं नाव वेइचोंग. म्हणजे वाकतं तिथं मधोमध. मला माहीत होतं ते. माझा बाप सुयांचाच वैद्य होता, गावोगाव होडीनं फिरायचा. कंबर धरलेलं माणूस आलं की म्हणायचा, दुखतं वर, पण कुलूप खाली. आणि गुडघ्यामागं हात घालायचा. श्याओमानला हे सांगितलं तर डोळे मोठे करून म्हणते, "आजी, हे आमच्या परीक्षेला होतं!" माझ्या बापाचं बोलणं परीक्षेला! ऐकायला तो हवा होता.

ही वही तिचीच, कॉलेजातली. पुढच्या पानांवर नागडा माणूस, अंगभर ठिपके. मागची पानं कोरी. म्हणाली, रोज चार ओळी लिही, डोकं गंजत नाही. मी तीन यत्ता शिकलेली. जे अक्षर येत नाही तिथं मी गोल काढते. आज फक्त सहा गोल झाले.

१५ जुलै

आज पहिला फू, कडक उन्हाळ्याचा पहिला दिवस. हिवाळ्याच्या खोकल्यावर उन्हाळ्यात लेप लावायचा, म्हणून श्याओमान शिकते त्या यान वैद्यांच्या दवाखान्याबाहेर रांग पुलापर्यंत. श्याओमान जेवायला आली नाही. टरबूज घेऊन गेले. अर्धं यान वैद्यांनीच खाल्लं, बियांसकट.

१७ जुलै

पोरगी तोंड पाडून आली. यान वैद्य सगळ्यांसमोर ओरडले: "डावा म्हणजे रोग्याचा डावा! तुझा नाही!" माणूस पालथा पडला की हिचं उलटंपालटं होतं.

मी म्हटलं, रडू नकोस, तुझी आजीही यावरून मार खाल्लेली आहे. डावा आणि उजवा, दोन्ही अक्षरांना छप्पर एकच. एकाच्या पोटात तोंडाचं चिन्ह, दुसऱ्याच्या पोटात कामाचं. जेवतो तो हात उजवा, म्हणून तोंड उजव्यात. डाव्यात काम. ती हसली. पण मार का खाल्ला ते मी सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. बरं झालं.

रात्री शिंपल्यांचं सूप. मीठ जास्त.

१८ जुलै

अक्षरं वाकडी येताहेत, येऊ देत.

श्याओमान जेवता जेवता हसत सांगत होती. बाजारात उकडलेले पाव विकते ना ती उत्तरेकडची बाई, जोरजोरात बोलणारी, तिची कंबर धरलीय. कणीक मळून मळून. यान वैद्यांनी पालथी पाडली, दोन्ही लवणींतल्या शिरा टोचून वर काचेचे पेले लावले. काळं रक्त आलं. लाल येईपर्यंत येऊ द्यायचं असतं म्हणे. आणि मग पोरगी म्हणते —

"आणि आजी, एक गंमत! तिच्या लवणीत डागणीची खूण आहे! बरोब्बर वेइचोंगवर! गुरुजी म्हणाले, चाळीस वर्षांत अशी पाहिली नाही. तिथं सुई चालते, रक्त काढलेलं चालतं, पण आग चालत नाही, जुन्या पोथ्यांतच मनाई आहे. कुठल्या गाढवानं डागलं असेल गं?"

माझ्या हातातल्या जेवायच्या काड्या खाली पडल्या.

ती काड्या धुवायला उठली. मी भिंतीकडे बघत बसले.

मी. ते गाढव मी!

१९ जुलै

झोप नाही. लिहूनच टाकते. इथं कोण वाचतंय!

मला अकरावं होतं. आसांगला अडीच. माझी धाकटी बहीण, तुतीच्या दिवसांत झाली म्हणून आसांग. बाप होडीनं बाहेर गेलेला, आई शेतात. आसांग सारखी पडायची, पायांत जोर नव्हता. कुणाच्याच पायांत नव्हता तेव्हा, पोटातच काही नव्हतं. पण मला वाटलं, मी वैद्याची पोर, मी बरी करते! बापाच्या पेटीतून आय नावाच्या औषधी झाडाच्या वाळल्या पाल्याचा कापूस काढला. शेंगदाण्याएवढा गोळा केला, दुखऱ्या जागी ठेवून पेटवायला बाप करायचा तसा. तिला म्हटलं, पालथी पड, जवाच्या गुळाचा खडा देईन. खडा कुठला! नव्हताच. खोटं बोलले.

पडली बिचारी. लवणीत गोळा ठेवला, उदबत्तीनं पेटवला.

भाजलं तशी तिनं पाय मुडपला. पोर दुसरं काय करणार? पाय मिटला आणि निखारा आतच राहिला!

म्हणून तिथं आग चालत नाही. पोथीत कारण काय दिलंय मला माहीत नाही. मला कारण माहीत आहे.

बाप आला. त्यानं अंड्याचा पांढरा बलक लावला, गावातलं शेवटचं अंडं असेल ते. मग मला एक ठेवून दिली, आणि रोग्यांची वही पुढ्यात टाकली. लिही, म्हणाला. धाकटी मुलगी, डावा पाय, थोरलीनं भाजला. मी लिहिलं. डाव्याच्या जागी उजवा लिहिला. दुसरी बसली! "तोंड असलेला उजवा! काम असलेला डावा! तू काम केलंस ते डाव्यावर!" शंभरदा लिहायला लावलं. म्हणून ते अक्षर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पुढच्या वसंतात बापाचं अंग सुजलं आणि तो गेला. आईनं आसांगला पाठीशी बांधलं, होडीनं शहरात गेली. येताना पाठ मोकळी होती. मी विचारलं नाही. आई चुलीपाशी बसून एवढंच म्हणाली, "तिथं पोरांना खायला देतात." आणि मग, "तिला खूण आहे. सापडेल."

मला नाही सोडलं. मला गावाचं नाव सांगता येत होतं ना. मला कुणी अनाथ म्हणून घेतलं नसतं.

चौसष्ट वर्षं झाली.

२० जुलै

वांगी करपली. दोनदा.

२२ जुलै

सकाळी श्याओमानला सगळं सांगितलं. कोणता पाय ते तेवढं राहिलं. पोरगी आधी पांढरीफटक पडली, मग माझ्या गळ्यात पडली, मग मला हाताला धरून बाजारातच घेऊन गेली! चपला घरातल्याच राहिल्या पायात.

पावांच्या वाफेत ती उभी होती. नाव लाइदी. फांग लाइदी. लाइदी म्हणजे ये रे भावा. मुलगा हवा असलेल्या घरातलं नाव. अंगानं माझ्या दुप्पट. माझ्या आईसारखी कुठं दिसते का ते बघत होते. कान! कान थोडे तसे वाटले.

"काय आजीबाई, किती देऊ? शिळे नाहीत, वास घेऊन बघा!"

श्याओमाननंच सांगितलं, हरवलेली बहीण, लवणीतला डाग, एवढंच; डागलं कुणी ते नाही. लाइदीनं झाकण पाव उकडायच्या पेटीवर ठेवलं. वाफ थांबली. म्हणाली, "मी तीन-एक वर्षांची असताना रेल्वेनं उत्तरेला पाठवली मला. डबाभर पोरं होती म्हणे. फांग घरानं घेतली." कुठल्या शहराहून पाठवली, माहीत नाही. दक्षिणेकडून एवढंच. मुलाला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आली, पण खरं सांगू का, म्हणाली, "मी मुद्दाम आले. मला वाटायचं, या पाण्याच्या मुलखात कुणी तरी माझी लवण ओळखेल."

मग हात पुसत म्हणाली, "माझी ती फांग घरची आई सांगायची — तुझ्या खऱ्या आईनं खूण करून सोडलंय तुला. पोटच्या पोरीला आगीनं डागायचं, केवढं काळीज लागलं असेल! विसरायचीच असती तर डागली असती का? मी अजून निजताना तिथं हात लावते."

डागलं मी, हे सांगितलं नाही. तिथं नाही. तिनं मला ताई म्हटलं. सगळा बाजार बघत होता. भाजीवाली रडली, आणि रडता रडता मला आलं महाग लावलं!

२४ जुलै

आनंदात आहे. लिहायला वेळ नाही. रविवारी लाइदी जेवायला येणार. तिला गोड आवडत नाही म्हणे. आसांगला किती आवडायचं! असो, माणसं बदलतात. चौसष्ट वर्षांत मीही कारलं खायला लागले.

२८ जुलै

ती आली. पाव आणले तिनं, आणि कांद्याची पात, कच्ची लसूण. बरगड्यांचा घास घेतला आणि ओरडली, "ताई, मटणात साखर? तुमच्याकडं मिठाची चोरी झाली का?" मी म्हटलं, "तोंड फाटकं आहे तुझं, बापावर गेलीस!" किती हसलो. श्याओमान फोटो काढत होती.

मग मी सांगितलं. सांगायलाच हवं होतं. म्हटलं, लाइदी, ती खूण आईनं नाही केली. मी केली. अकरा वर्षांची होते. गुळाचं खोटं आमिष दाखवलं. तू पाय मुडपलास.

ती चावायची थांबली. चेहऱ्यावरचं सगळं उतरलं, पातेल्यातलं पाणी चुलीवरून काढलं की शांत होतं तसं. "आईनं नाही?" म्हणाली. मी मान हलवली. तिचा एक हात टेबलाखाली गेला.



मग हसली. मोठ्यानं नाही. "लहान होतीस गं," म्हणाली. "भाजलंस म्हणून सापडले ना?" आणि सगळ्यात जास्त मांसाची बरगडी माझ्या वाटीत घातली.

चौसष्ट वर्षांचा धोंडा उतरला! इथवर लिहून थांबायचं होतं मला. इथवरच हा दिवस हवा होता.

जेवण झाल्यावर मी पाय शेकायला आयच्या पाल्याचं पाणी आणलं. ती पाठ करून उभी राहिली, पायजमा दोन्ही हातांनी वर ओढला आणि म्हणाली, "बघ तुझी करामत!"

मी वाकले. बोट पुढं केलं. डाव्या लवणीत गेलं. तिथं गुळगुळीत. सुईचे बारके ठिपके, बस. मी चाचपडत राहिले, म्हातारे डोळे, दिसत नसेल. वर. खाली. काही नाही.

मग बघितलं. उजव्या लवणीत होता. गोल, चकचकीत, कडेनं चुण्या पडलेला.

उजव्या.

"ताई, पाणी निवतंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो गं. बस."

२९ जुलै

तोंड उजवा. काम डावा. सकाळपासून लिहितेय. तोंड उजवा. काम डावा. पान भरलं. बदलत नाही!

ती पालथी नव्हती, उभी होती, माझ्याच दिशेला पाठ. तिचा डावा तो माझा डावा. श्याओमानसारखं माझं उलटं झालेलं नाही.

ती आसांग नाही.

मग आसांग कुठं आहे?

३० जुलै

हे आत्ता सुचलं. मी लाइदीची आई घेतली तिच्याकडून! तिला खरंच तिच्या आईनं डागलं असेल. कुणीतरी दुसरी आई, दुसऱ्या होडीतली. काळजावर दगड ठेवून. आणि मी येऊन सांगितलं, छे, आई कुठली, एका कारट्या पोरीचा खेळ होता तो! चूक माझी, आणि माफी मागितली भलतीकडंच. आणि तिनं ती दिलीसुद्धा!

२ ऑगस्ट

श्याओमान म्हणते, जिल्ह्याच्या पोलीस ठाण्यात हरवलेल्या माणसांसाठी रक्ताचा थेंब घेतात, फुकट, दोघींनी जाऊन या, कागदावर येईल.

लाइदी पावांची टोपली उतरवत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "कसलं रक्त गं पोरी? तुझ्या गुरुजींनी पेले लावून सगळं काढून घेतलं. उरलंय कुठं!"

श्याओमान हसली. मीही हसले. नको इतकं हसले.

लाइदी रोज येते आता. माझ्यासाठी साखर घातलेले चार पाव वेगळे उकडते.

७ ऑगस्ट

आज शरदाची सुरुवात. सुरुवात कसली, घामानं वही ओली होतेय.

सांगायचं ठरवून गेले होते. रस्ताभर घोकत गेले. सांगितलं तर तिची आई तिला परत मिळेल, पण मग मी तिची कोण? बाजारातली म्हातारी. आणि तिला पुन्हा वाट बघायला लागायची, कुणीतरी लवण ओळखेल म्हणून. सदुसष्ट वर्षांची आहे ती! नाही सांगितलं तर ती रात्री हात लावील तिथं, आणि आईच्या जागी एक खोटारडी पोरगी आठवेल.

पोचले. तिनं दुरूनच हाक मारली, "ताई, सावलीत ये! डोकं तापेल!" शेजारचीला सांगत होती, "ही माझी थोरली. आधी भाजते, मग खायला घालते."

सहा पाव घेऊन आले. सांगितलं नाही. घरी आल्यावर पाव मोजले, आठ निघाले.

१० ऑगस्ट

श्याओमाननं आज एकटीनं रक्त काढलं, यान वैद्य नुसते बघत होते. डावा-उजवा चुकली नाही! सगळ्या गल्लीला सांगितलं मी. पोरगी लाजली.

माझ्या पोरीनं रोग्याचा डावा ओळखला. आणि मी ओळखूनही गप्प.

१४ ऑगस्ट

शेवटचा फू. लाइदी माझ्या पलंगावर पालथी पडली होती, मी कंबर रगडत होते. मग लवणी. उशीत तोंड खुपसूनच म्हणाली,

"ताई, डावा होता ना?"

माझे हात थांबले.

"त्या दिवशी तुझं बोट आधी डाव्या लवणीत गेलं. तिथं काही नव्हतं, तरी शोधत राहिलं. मला तेव्हाच कळलं." मग म्हणाली, "थांबलीस का? रगड. माझी आई मला परत मिळाली. ताई मी ठेवून घेतली. तुझी आसांग येईल तेव्हा येईल, तिलाही पाव देऊ."

मी रगडत राहिले. दोन्ही पाय.